घर न बांधण्याची जागा

पुणे-सातारा महामार्गावरून चेलाडीला वळलं, नसरापूर मागे टाकलं आणि वेल्ह्याच्या रस्त्याला लागलं की दोन्ही बाजूंना फलक सुरू होतात. कुणी निसर्गाची कूस देऊ करतं, कुणी गडाचा पायथा, कुणी धरणाचा काठ. भोरहून भाटघरच्या फुगवट्याकडे निघालात तरी चित्र तेच. फलकामागे तारेचं कुंपण, सिमेंटचे खांब, एक उंच लोखंडी फाटक आणि फाटकातून थेट टेकडीत शिरलेला मुरमाचा रस्ता. शहरातल्या माणसाला डोंगराशेजारी राहावंसं वाटतं, यात गैर काहीच नाही. सिंहगड रस्त्यावर तासभर धूर गिळून घरी पोचणाऱ्याला राजगडाच्या सावलीत दोन खोल्या हव्याशा वाटल्या, तर ती इच्छा निरोगीच म्हणायची. पण त्या दोन खोल्या कुठे उभ्या राहतात, त्यांच्या आधी तिथे काय होतं आणि त्यांच्या खाली कोण राहतं, हे त्या फलकांवर कधी लिहिलेलं नसतं.

यातला एखादा प्लॉट जवळून पाहावा. उतारावरची जमीन. जेसीबी येतो, डोंगराच्या बाजूने उभा काप घेतो आणि निघालेला मुरूम खालच्या अंगाला लोटून सपाटी करतो. वर कच्ची भिंत, खाली सुटा भराव. मालक त्यावर हिरवळीचं लॉन अंथरतो, कडेने शोभेचे पाम लावतो. पहिला मोठा पाऊस आला की कापातून पाणी झिरपायला लागतं, भरावाला चरे पडतात आणि तो मुरूम ओढ्याच्या वाटेने खालच्या भातखाचरात येऊन बसतो. खाचराचा बांध फुटतो, आवणीला आलेली रोपं गाळाखाली जातात. खाचरवाल्याने तक्रार कुणाकडे करायची? प्लॉटचा मालक शनिवार-रविवारी येतो, आखणी करणारा पैसे घेऊन पुढच्या गावात पोचलेला असतो. हिरव्या वस्तीविषयी बोलायचं, तर सुरुवात या खाचरवाल्यापासून करायला हवी. वस्तीच्या आराखड्यावर त्याचं नाव नसतं, पण ती कशी बांधली गेली हे सगळ्यात आधी त्यालाच कळतं.

या मुलखाची जुनी गावं पाहिली तर ती बेतशीर वसलेली दिसतात. वेल्ह्यात किंवा भोरच्या हिर्डस मावळात फिरताना लक्षात येतं, की गावठाण सहसा खाचरात नाही, ओढ्यालगत नाही आणि चढाच्या माथ्यावरही नाही. ते मधल्या मुरमाड पट्ट्यावर आहे, जिथे पीक यथातथाच येतं. खाली भाताची खाचरं, वर नाचणी-वरईची वरकस जमीन, त्याच्या वर गायरान आणि रान. रानाच्या एका कोपऱ्यात, बहुधा झऱ्याच्या उगमाशी, देवराई. कुणा एका आखणीकाराचं हे काम नव्हे. पिढ्यान्‌पिढ्या पाऊस आणि दुष्काळ सोसून लोकांनी ठरवलेली ती जागावाटणी आहे, आणि तिच्यात सगळ्यात पक्कं काही ठरलेलं असेल, तर ते म्हणजे घर कुठे बांधायचं नाही.

याला कारण खाली खडकात आहे. इथला काळा बसाल्ट थरावर थर रचलेला. काही थर भक्कम, काही सच्छिद्र, मधूनमधून गेरूसारखी तांबडी माती. माथ्यावरच्या सड्यावर पडलेला पाऊस भेगांतून खाली मुरतो, भक्कम थराशी अडतो आणि उताराच्या कुशीतून झरा होऊन बाहेर येतो. म्हणजे ज्या झऱ्याचं पाणी गाव मे महिन्यात पितं, त्याची टाकी वर, कुणाच्या नजरेत न भरणाऱ्या उघड्या पठारावर असते. त्या पठारावर सपाटी केली, रस्ते ओतले, दहा घरांचे शोषखड्डे खणले की झरा आटतो, किंवा न आटता नासतो, आणि नासलेला झरा तर अधिक घातक. बाहेरच्या माणसाला पठार रिकामं दिसतं. रिकामं दिसतं म्हणूनच ते आधी विकलं जातं. पुण्यातली अॅक्वाडॅम ही संस्था भूजल आणि झऱ्यांवर अनेक वर्षं काम करते आहे. झऱ्याची राखण झऱ्यापाशी होत नाही, तो जिथे भरतो त्या जागेपाशी होते, ही गोष्ट अशाच कामातून लोकांपर्यंत पोचते आहे.

गडांच्या मुलखात हे जुनं शहाणपण आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गड बांधण्याआधी पाणी पाहावं, नसेल तर खडक फोडून टाकी करावीत, असं सांगितलं आहे. झाडांबद्दलची आज्ञाही तितकीच नेमकी. आंबा-फणस रयतेने लेकरासारखे वाढवलेले असतात, तेव्हा लाकूड हवंच असेल तर झाडाच्या धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावं, जबरदस्तीने नाही. राजगडाच्या पद्मावती माचीवरचं तळं आणि गडभर कोरलेली टाकी पाहिली की तिथे वस्तीचा आराखडा पाण्यापासून सुरू झाला होता हे वेगळं सांगावं लागत नाही. 2025च्या जुलैत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत राजगडाचं नाव जागतिक वारशाच्या यादीत गेलं. आता पायथ्याच्या जमिनीचे भाव आणखी चढतील. वारसा म्हणून आपण तटबंदी मोजली. पाली आणि गुंजवणे गावांतली खाचरं, तिथले पाणवठे आणि राखलेली रानं त्याच वारशात मोजायला हवीत.

बारा मावळांची नावं आठवून पाहा. गुंजण मावळ, वेळवंड खोरं, कानद खोरं, मोसे खोरं. यातली बरीच नावं नदीची आहेत. देशमुखी खोऱ्यावर असे, म्हणजे एका पाण्याखालची गावं हा कारभाराचा तुकडा होता. रोहिड खोऱ्यात जेधे, हिर्डस मावळात बांदल. पुढे हद्दी बदलल्या, संस्थान आलं, तालुके आले, वेल्हे आता सरकारदप्तरी राजगड तालुका झालं. पाणी मात्र अजून खोऱ्यानेच वाहतं. माझं म्हणणं इथेच अडून बसतं. निसर्गाशी जोडलेली, लोकांनी चालवलेली वस्ती हवी असेल, तर त्या लोकांत प्लॉटधारक तेवढे धरून चालणार नाही. वरच्या पठारापासून खालच्या खाचरापर्यंत एका ओढ्यावर जगणारे सगळे त्यात आले पाहिजेत. फाटकाच्या आतल्या चाळीस कुटुंबांनी एकमताने सौरदिवे लावले, कचरा वेगळा केला, देशी झाडं लावली आणि खालच्या वाडीचा झरा आटवला, तर त्या वस्तीला मी हिरवी म्हणणार नाही.

हे म्हणणं पोकळ नाही, याचा पुरावा मोसे खोऱ्यातच आहे. वरसगाव धरणाच्या जलाशयाभोवती, मुळशी आणि वेल्हे तालुक्यांतल्या गावांच्या जमिनींवर लवासा हे आखीव शहर उभं राहिलं. कागदावरचा तो आराखडा पाहिला तर आजही अभ्यासाला घ्यावा असा आहे. एचओके या जगभर नाव असलेल्या अमेरिकी कंपनीने तो केला. जंगल पाऊस कसा झेलतं याचा विचार त्यात होता, चालत फिरता येईल अशा पेठा होत्या, उजाड उतारांवर झाडोरा आणण्याची योजना होती. 2005 साली अमेरिकेतल्या नगररचनाकारांच्या एका मान्यवर संघटनेचा पुरस्कारही त्याला मिळाला. पण ठरवणार कोण, या प्रश्नाचं उत्तर तिथे सुरुवातीपासून चुकलेलं होतं. 2008 मध्ये लवासा कंपनीलाच त्या भागाचं विशेष नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं. बांधणारा तोच, परवानगी देणाराही तोच. नोव्हेंबर 2010 मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने काम थांबवण्याची नोटीस काढली, वर्षभराने अटी घालून मंजुरी आली, 2017 मध्ये नियोजनाचे अधिकार काढून घेतले गेले आणि 2018 मध्ये कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. इटलीतल्या बंदरगावाच्या धर्तीवर रंगवलेल्या इमारती आज पाण्याकाठी उभ्या आहेत. आराखडा चांगला होता, एवढं पुरत नाही. खोऱ्यातल्या माणसाला 'नाही' म्हणायची जागा त्या आराखड्यात नव्हती.

माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालच्या पश्चिम घाट समितीने 2011 मध्ये अहवाल दिला. नवीन गिरिस्थानं नकोत, असं त्यात स्पष्ट होतं. अतिसंवेदनशील भागात शेती-जंगलाची जमीन बिगरशेती करू नये, मात्र स्थानिकांची संख्या वाढेल तशी गावठाणं वाढायला मुभा असावी, असंही होतं. सगळ्यात महत्त्वाची सूचना अशी होती, की हे सगळं ग्रामसभांपुढे ठेवावं आणि त्यांच्या म्हणण्याप्रमाणे हद्दी ठरवाव्यात. त्या अहवालाभोवती एवढा धुरळा उडवला गेला, की समिती लोकांना गावाबाहेर काढणार अशी समजूत कित्येक गावांत पसरली. ग्रामसभेला सर्वाधिक मान देणारा तो अहवाल ग्रामसभांपर्यंत मराठीत धड पोचलाच नाही.

गाडगीळांचं या मुलखाशी नातं त्याहून जुनं. वा. द. वर्तक या वनस्पतिशास्त्रज्ञांबरोबर त्यांनी सत्तरच्या दशकात महाराष्ट्रातल्या देवराया पालथ्या घातल्या. वेल्ह्यातल्या देवराया त्यात होत्या. पानशेतच्या फुगवट्याच्या भागातला शिरकोलीच्या शिरकाईचा परिसर आजही लोक देवीचा म्हणून राखतात. अशा राईत भर उन्हात शिरलं तर आधी पायाखालची जमीन बदलते. बाहेर तापलेला मुरूम, आत घोटाभर पालापाचोळा, दाबला की पाणी धरणारा. अंजनी, जांभूळ, हिरडा, मनगटाहून जाड गारंबीचे वेल एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेले. पडलेलं झाड तसंच पडून, त्यावर अळंबी. देवीच्या रानातलं लाकूड घरी न्यायचं नाही, एवढाच नियम, आणि तो शेकडो वर्षं टिकला.

टिकला, पण सगळीकडे नाही. धरणासाठी रस्ते आले आणि रस्त्यांबरोबर कोळशाचे व्यापारी आले. पानशेतच्या पाणलोटातले डोंगर कसे उघडे पडले, हे गाडगीळांनी पुढे लिहून ठेवलं आहे. जमिनी बुडालेल्या, हातात पैसा नसलेल्या शेतकऱ्यांनी मालकीची झाडं कवडीमोलाने विकली. भट्ट्या पेटल्या. ज्या डोंगरांनी धरणात पाणी आणायचं, त्यांचाच कोळसा झाला. आजचा प्लॉटांचा व्यवहार मला त्याच वाटेवर पुढे चाललेला दिसतो. त्या वेळी झाड विकलं, आता जमीनच विकली जाते. विकणाऱ्याची अडचण तीच असते, मुलीचं लग्न, दवाखाना, पोराची पुण्यातली खोली. ज्याची जमीन गेली तोच पुढे त्या फाटकावर राखणदार म्हणून बसलेला दिसतो.

आणि पाणी? भाटघरच्या भिंतीमागे, 1928 साली पूर्ण झालेल्या त्या धरणात, साडेतेवीस टीएमसी पाणी साठतं. ते नीरेच्या कालव्यांनी बारामती, फलटण, माळशिरसकडे जातं. पानशेत-वरसगावचं पाणी पुणं पितं. धरणांच्या वरच्या अंगाच्या वाड्यांना मात्र उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. नव्या वस्त्यांच्या विंधनविहिरी याच वाड्यांच्या वाट्याला हात घालतात. शहराने या खोऱ्यांकडून एकदा पाणी घेतलं, आता हवा आणि देखावा घ्यायला आलं आहे. तेव्हा देणं काय, हा प्रश्न विचारायला हरकत नसावी.

तरीही मी या मुलखाला कुलूप घाला म्हणणारा नाही. लोक येणार, आणि काहींनी यावंही. कसं यावं याचे नमुने आपल्याकडे आहेत. नेरळजवळ 1994 मध्ये दोनेक डझन मित्रमंडळींनी पैसे एकत्र करून चौसष्ट एकर डोंगरउतार घेतला आणि त्याला वनवाडी म्हटलं. प्लॉट पाडले नाहीत. बहुतेक जमीन रानालाच सोडली, जंगल आपोआप वाढू दिलं, आसपासच्या आदिवासींकडून शंभरावर वनस्पतींची नावं आणि उपयोग नोंदवून घेतले. पुण्यात प्रकाश गोळे यांच्या इकॉलॉजिकल सोसायटीने उजाड जमिनीवर निसर्ग परत कसा आणायचा, याचं शास्त्र शिकवलं. त्याच वाटेने केतकी घाटे आणि मानसी करंदीकर यांच्या ऑयकॉस संस्थेने खासगी जमिनींचं पुनरुज्जीवन हाती घेतलं. त्यांच्या पद्धतीचं सार असं, की आधी जमीन वाचायची आणि हात कमीत कमी लावायचा. वणवा रोखला, जाळरेषा काढली, चराई काही वर्षं आवरली, की खुरटलेल्या बुंध्यांना धुमारे फुटतात. जमिनीतली मुळं जिवंत असतात. ती असताना वर गुलमोहर आणि गिरिपुष्पाच्या ओळी लावणं म्हणजे पैसे देऊन रान मारणं.

एकत्र येऊन घर बांधणं मराठी माणसाला शिकवायलाही नको. 1915 साली मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था उभी राहिली, आशियातली पहिली. पुण्याचं सहकारनगर नावापासूनच त्या चळवळीचं. पुढे सहकारी संस्था ही बिल्डरने बांधून दिल्यानंतर देखभालीच्या वर्गणीवरून भांडायची जागा होऊन बसली, हे दुर्दैव. जर्मनीतल्या फ्रायबुर्गमध्ये, फ्रेंच सैन्याने रिकाम्या केलेल्या छावणीच्या जागी, नव्वदच्या दशकापासून फोबां नावाची वसाहत झाली. तिथे कुटुंबांनी गट करून जागा घेतली, वास्तुकार स्वतः नेमला, बिल्डर मध्ये घेतला नाही. जुनी झाडं आधी नकाशावर टिपली आणि घरं त्यांच्या मधून बसवली, गाड्या वसाहतीच्या कडेला ठेवल्या. आपल्या हडपसरला सुमारे एकशेवीस शेतकरी कुटुंबांनी जवळपास चारशे एकर जमीन एकत्र करून मगरपट्टा सिटी उभी केली, जमिनीच्या प्रमाणात कंपनीत वाटा ठेवला. ती डोंगरातली वस्ती नाही, बांधकामही दाट आहे. पण जमीनवाला विकून बाजूला झाला नाही, भागीदार राहिला. भोर-वेल्ह्याला नेमकी हीच गोष्ट उचलता येईल. गावाने जमीन विकण्याऐवजी दीर्घ मुदतीच्या भाड्याने द्यावी, घरांची संख्या गावाने ठरवावी, आणि नव्या लोकांच्या संस्थेत गावाला मत असावं.

कायदा यात आडवा येतो आणि मदतीलाही येतो. बिगरशेतकऱ्याला शेतजमीन सहजी घेता येत नाही. तुकडेबंदीचा कायदा 1947 पासून आहे. या दोन्हींना वळसे घालूनच गुंठ्यागुंठ्याचे व्यवहार चालतात, आणि वळसा घालून झालेल्या व्यवहारात ना सांडपाण्याची सोय असते, ना मोकळी जागा. उलट रीतसर आखणी करणाऱ्याला राज्याच्या 2020च्या एकत्रित नियमावलीप्रमाणे चार हजार चौरस मीटरपासून पुढे दहा टक्के जागा खुली ठेवावी लागते, एकास पाचपेक्षा तीव्र उतारावर बांधता येत नाही. दहा टक्के या मुलखाला फार थोडे आहेत. इथे प्रमाण उलटं असायला हवं, बांधकाम दहा टक्के आणि बाकीचं रान, खाचर, गायरान.

घराच्या बाबतीतही इथलंच पाहावं. जुन्या घराचं जोतं काळ्या दगडाचं, भिंती कुडाच्या. कुडासाठी कारवीच्या अंगठ्याएवढ्या सरळ काठ्या आडव्या कळकाला शेजारी शेजारी बांधतात आणि दोन्ही अंगांनी शेणमाती लिंपतात. सात वर्षांनी कारवी फुलते आणि वाळते. डोंगराकडून काठी घ्यायची ती हे चक्र सांभाळून. पश्चिमेच्या भिंतीला झड लागू नये म्हणून पावसाळ्याआधी गवताचा आडोसा. न्हाणीचं पाणी परसात अळूला आणि केळीला. आज सगळ्यांनी कुडाचीच घरं बांधावीत असं मी म्हणत नाही. सिमेंटचं घर मागणाऱ्या गावकऱ्याला मातीचं कौतुक ऐकवणं हा शहरी उद्धटपणा झाला, दर वर्षी लिंपण करणाऱ्या बाईचे हात कुणी पाहिलेले असतात? पण उंच जोतं, मोठा उतार असलेलं छप्पर, रुंद पडवी, परसातल्या कर्दळी-केळीत मुरणारं सांडपाणी ही त्या घराची अक्कल सिमेंटच्या घरातही आणता येते. डोंगर कापून सपाटी करण्यापेक्षा उताराला धरून घर दोन पातळ्यांवर बांधलं, तर भरावही वाचतो आणि भीतीही.

भीती खरीच आहे. 30 जुलै 2014 रोजी आंबेगाव तालुक्यात माळीण दरडीखाली गेलं, दीडशेवर माणसं गेली. जवळच आमडे इथे नवं गाव बांधून 2017 मध्ये ताब्यात दिलं, आणि पहिल्याच पावसात तिथले भराव, रस्ते खचल्याच्या तक्रारी आल्या. सरकारी निधी होता, तज्ज्ञ होते, सहानुभूती होती. उतारावर सपाटी करून घरं ओळीत मांडायची, हा हट्ट मात्र तोच होता. 2023 मध्ये इरशाळवाडीही अशीच दरडीखाली गेली. ज्यांना वेल्ह्यात घर बांधायचं आहे, त्यांनी ही दोन नावं आखणीच्या कागदावर कोपऱ्यात लिहून ठेवावीत.

मग सुरुवात कुठून करायची? माझं उत्तर साधं आणि थोडं कंटाळवाणं आहे. एखाद्या गटाला खरोखर इथे राहायचं असेल, तर त्यांनी गटनकाशा घेऊन गावातल्या जाणत्यांबरोबर मे महिन्यात शिवार चालावं, कुठला झरा अजून वाहतो ते टिपावं. जुलैत पुन्हा यावं, पाणी कुठून उतरतं, कुठे तुंबतं ते छत्री घेऊन बघावं. वणवा कुठल्या बाजूने चढतो हे फेब्रुवारी-मार्चमध्ये कळतं. 2002च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि नोंदवही सांगितली आहे. ती वही बऱ्याच गावांत कपाटात पडून असते. ती उघडून त्यात झरे, देवराया, सडे, पाणवठे, गुरांच्या वाटा गटनंबरांसह लिहाव्यात आणि ग्रामसभेत ठराव करून घ्यावा की या जागांवर बांधकाम नाही, गावाचंही नाही आणि पाहुण्यांचंही नाही. ठरावाच्या नकला तहसीलदाराकडे आणि पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (पीएमआरडीए) हद्दीतलं गाव असेल तर तिथेही द्याव्यात. एवढं झाल्यावर जी जमीन उरेल, ती बहुधा मधल्या मुरमाड पट्ट्यातलीच असेल. फक्कीची पहिली रेघ तिथे मारावी.

गुंजवणीच्या आणि वेळवंडीच्या खोऱ्यांत अशी ठरावाची कामं करायला अजून वेळ आहे. पुण्याभोवतीचा वर्तुळाकार रस्ता पूर्ण झाला की हा वेळ झपाट्याने कमी होईल. दिवाळीनंतर भात झोडून झालं की गावं मोकळी असतात आणि ओढ्यांना पाणी असतं. शिवार चालून यायला आणि ग्रामसभेचा विषय लावून घ्यायला हेच दिवस बरे.